चिमणी नावाचा फोल्डर

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची! ताई इथे नोकरभरतीचं काम बघते. तिच्याच शब्दावर मला नोकरी लागली आणि राहायची सोयही तिच्याच घरी झाली. कचेरीत खिडकीपाशी जागा मिळालीय, खुर्ची तेवढी करकरते. आधीचा प्रोग्रामर अचानक सोडून गेला म्हणे. त्याच्या कॉम्प्युटरवरचे प्रोजेक्ट फोल्डर नीट लावायचे, हे माझं पहिलं काम. पसारा तर विचारूच नका! 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं', 'आता हात लावू नका'. ताई म्हणाली, तुझ्यासारखी नीटनेटकी शोधून सापडायची नाही. कान सुखावले.

बुधवार, ५
चालू, बंद, फेकायचे असे तीन ढीग केले. दुपारपर्यंत एकशे चाळीस फोल्डर मार्गी लागले. तीन मात्र कशातच बसेनात. आत कोड थोडा, बाकी माणसांचे आवाज. एका बाईचे दोनशे निरोप: पोचले, जेवले, काळजी करू नकोस. शेजारचा टेस्टर हळूच म्हणाला, ती तुझ्याच खुर्चीवर बसायची. ती गेली, मग तिच्या जागी आलेले आणखी दोघं गेले; तुझ्याआधीचा प्रोग्रामर त्यातलाच. जाताना कुणी साधा निरोपही घेतला नाही. पण तिन्ही फोल्डरांत त्यांनी घरी केलेल्या फोनची नोंद आहे. शेवटची आज सकाळची.

गुरुवार, ६
चौथा सापडला. नाव 'चिमणी'. मला चिमणी फक्त घरात म्हणतात.
आत माझा आवाज. दोन वर्षांत ताईला पाठवलेला प्रत्येक निरोप. बाबा गेले त्या दिवशीचं रडणंसुद्धा. ते मी फक्त तिच्यापाशी रडले होते. फोल्डर माझ्या मुलाखतीच्या चार महिने आधीचा. बनवणाऱ्याच्या जागी ताईचं नाव.

शुक्रवार, ७
विचारलं. ती खोटं बोलली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, या वेळी गायब व्हायची पाळी तिचीच होती, म्हणून तिने माझं नाव पुढे केलं. तिला दोन लेकरं आहेत, माझ्यामागे कोण रडणार? आई? आईला कळणारसुद्धा नाही. एवढं बोलून मला पोळी वाढली. ताट तसंच सरकवून उठले.

शनिवार, ८
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी.
आईला फोन लावला. म्हणाली, "चिमणी आत्ताच तर बोलली माझ्याशी. तू कोण गं?"
मीच चिमणी, म्हटलं. रडले. ती चिडली — ताईने बजावून ठेवलंय तिला, कुणीतरी चिमणीच्या आवाजात फसवायला फोन करेल म्हणून —
तिने फोन ठेवला.
पुन्हा लावला. उचलत नाही.

तीन वाजले. जिन्यात पावलं — ताई एकटी नाही.
लाडाने हाक मारतेय. चिमणे, दार सोड —
पाठ लावून बसलेय दाराला. कडी निघाली —
आई, तुझ्याशी बोलते ती मी नाही. ती —