उभं कोण राहणार?

कॉर्कवुड, ९ ऑगस्ट

चि. लायल यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या वसतिगृहात जेवतानासुद्धा काळा झगा घालावा लागतो, हे वाचून तुझी आई इतकी हसली की चहा सांडला. मूळनिवासी मुलांची शिष्यवृत्ती मिळवणारा आपल्या वस्तीतला तू पहिलाच. झगा काय, शिरस्त्राण म्हणाले तरी घाल.

आता हसू पुरे. तुझे थोरले बंधुराज डेझमंड यांनी सामन्यावरून येताना दारू पिऊन गाडी हाणली आणि उलटवली. सोबतचा तुझा आतेभाऊ गेला. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही ही आपली रीत, त्याचं नाव आता आपल्या तोंडी यायचं नाही; तूही लिहू नकोस. डेझमंड तुरुंगात सुरक्षित आहे. इकडे गेलेल्याचे लोक सोटे घेऊन आले. खिडक्या फोडल्या, माझी गाडी जाळली, तुझ्या आईचं डोकं फोडलं. मांडीवर भाला घ्यायला कुणी उभं राहीपर्यंत हे थांबणार नाही. थोरला नसेल तर धाकटा, हा आपला दंडनियम तुला ठाऊक आहे. आई म्हणते, त्याला कळवूच नका, परीक्षा बुडाली तर शिष्यवृत्ती जाईल. मी कळवतो आहे, आणि येऊ नकोस असंही सांगतो आहे.

आमचा जीव तुझ्यात आहे, तुझाही आमच्यात असू दे.
तुझा
क्लॅरीमामा

अ‍ॅडलेड, १५ ऑगस्ट

ती. क्लॅरीमामांस,
सा. न. वि. वि. आईचे टाके निघाले का? मी रेक्टरबाईंकडे रजा मागितली. दुःखाची रजा लगेच मिळत होती. भाल्याचं सांगितलं तेव्हा बाई होत्या त्याहून पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, असल्या रानटीपणासाठी मुलगा पाठवता येणार नाही. गेलास तर शिष्यवृत्तीला मुकशील.

मामा, एक गोष्ट कळवली नव्हती. गेल्या महिन्यात फुटबॉलच्या सरावानंतर न्हाणीघरात चौघांनी माझ्या तोंडावर टॉवेल आवळला आणि मला लाथांनी तुडवलं. फुकट्या म्हणत होते. दोन बरगड्या मोडल्या. तेव्हा याच बाई म्हणाल्या होत्या, पोरांची मस्ती, नावं सांगता येत नसतील तर सोडून दे. आपल्याकडे निदान मारणारा समोर उभा राहतो. महिनाअखेरच्या बसने निघतो. शिष्यवृत्ती गेली तर गेली.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमचा आज्ञाभंजक
लायल

कॉर्कवुड दवाखाना, २२ ऑगस्ट

चि. लायल यास,
पडल्या पडल्या आशीर्वाद. तिकीट परत कर. तुझ्या जागी मी उभा राहिलो. मामाला तो हक्क आहे. म्हातारे म्हणाले, एवढी मांसल मांडी असल्यावर नेम चुकायची सोयच नाही.

गेलेल्याच्या बापानेच भाला फेकला. पहिला मांसातून आरपार गेला. दुसरा हाडावर बसला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. बूट रक्ताने भरला. पडलो नाही, एवढीच माझी प्रौढी. मग तोच धावत आला, स्वतःचा सदरा फाडून त्याने माझी मांडी बांधली आणि गळ्यात पडून हंबरडा फोडला. मिटलं. त्यांच्या घरून कांगारूचं शेपूट आलं. तुझ्या आईने निखाऱ्यात भाजलं, दोन्ही घरं एकत्र जेवली. नर्सबाईंना मी सांगितलं, स्वयंपाकघरात घसरलो. त्या म्हणाल्या, इथली स्वयंपाकघरं भारी टोकदार दिसतात.

गुडघा आता वाकणार नाही. पदवी घेऊनच ये. माझा पाय फुकट घालवू नकोस.

लंगडा झाला तरी तुझाच
क्लॅरीमामा

अ‍ॅडलेड, २ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि. तिकीट परत केलं. त्याच दिवशी जेवणाच्या दालनात सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, माझ्या मामाने न केलेल्या गुन्ह्यासाठी भाला खाल्ला; इथे ज्यांनी केलं त्यांनी नुसतं उभं राहावं. चमचे थांबले. रेक्टरबाई मला खाली बस, खाली बस म्हणत राहिल्या.

शेवटी एकजण उठला. शेजारच्या खोलीतला फर्गस. बरगड्या मोडल्यावर मला खोलीत जेवण आणून देणारा. बाकीचे तिघे सूपकडे बघत बसले असतील. तो जवळ आला, चष्मा काढला आणि मार म्हणाला.

मूठ वळली होती, मामा. एक ठोसा, की मिटलं असतं. त्याच्या नाकाचं रक्त मीच पुसलं असतं. पण तो ठोसा म्हणजे शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती म्हणजे तुमचा पाय. मूठ उघडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बाई म्हणाल्या, मिटलं एकदाचं.

मिटलेलं नाही. फर्गस रोज माझ्यासमोर जेवायला बसतो, चष्मा काढून ताटाशेजारी ठेवतो आणि वाट बघतो.

पाय जपा. आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ तेवढा कमी करू नका.
तुमचा
लायल