टपावरचा कापूस

शुक्रवार, १२ डिसेंबर, रात्र

माझी नात शुभांगी नोकरीवरून आली की जलंब-खामगावची जुनी आगगाडी छोटी करून बनवत बसते. कोळशाचं इंजन, मागं डबे, सारी मिळून हातभर. जुन्या फोटोत दिसल्याशिवाय एक खिळाही लावत नाही पोरगी. काल मी म्हटलं, बाई, मालडब्यांले कापूस चिकटलेला राहे, खामगावच्या गाठी भरत ना. पोरगी म्हने, फोटोत नाही. तू पाह्यला का? हाव म्हटलं. मंग तिनं वहीत लिहिलं, पुरावा आजी. मी चौथी शिकलेली, अन् पुराव्यात माझं नाव. वातीच्या कापसाचे तंतू मीच काढून दिले. तिनं चिमट्यानं दारांले लावले, टपावर लावले.

आज मेथी निवडता निवडता मनात आलं, टपावर? मामाकडे जाताना मी एवढीशी होती, मले फलाटावरून टप कुठून दिसन? दारावरचा कापूस पक्का पाह्यला. टपावरचा मी मनानंच चढवला काय? सांगतलं तर पोरगी वहीतून नाव खोडन. तरी जेवताना सांगून टाकलं.

"आजे, दारावरचा तरी खरा ना?"

"देवाशपथ."

उष्टा हात धुऊन तिनं टपावरचा एकएक तंतू काढला. मंग वही घेतली.

म्हटलं, "खोड आता माझं नाव."

"काऊन खोडू? फोटो चुकला तं तो सांगते का मले?" तिनं कोरं पान काढलं. "आता सांग, आतली बाकडं कशी होती?"

सांगून राह्यली तं भाजी थंडी झाली.