वैशालीच्या नावावरचं उत्पन्न

१६ जून, सोमवार
सोमवारची साप्ताहिक सुट्टी. कंपनीकडून फॉर्म १६ आला. दरवर्षी हा आला की पाठोपाठ वै.चं पॅन कार्ड कपाटातून काढायचं, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा कपाटात तिचं काहीच नाही. चार महिने झाले ती हुपरीला आईकडे गेली. पॅन कार्डाची झेरॉक्स तेवढी माझ्या पाकिटात राहिली आहे. बायकोचा फोटो म्हणून झेरॉक्स बाळगणारा नवरा कोल्हापुरात मी एकटाच असेन.
जाताना म्हणाली होती, "बायको म्हणून न्हाय, पॅन कार्ड म्हणून ठिवलंय मला."
तेव्हा राग आला होता.

१९ जून, गुरुवार
तिनं पोटगीचा अर्ज टाकलाय. माझे वकील म्हणाले, झालं तसं लिहून आणा. तर.
दिवसा फौंड्रीत, ड्रॉइंग ऑफिसला, पगारी. नेमणूकपत्रात कलम आहे, बाहेरचं काम करायचं नाही. संध्याकाळी घरी हुपरीच्या चांदीवाल्या अण्णांसाठी पैंजणांची डिझाइनं, नगावर कंत्राट. ते पैसे माझ्या नावावर घेतले तर पगारात मिळून कर वाढणार, शिवाय कंपनीला कळायची भीती. इ.काकांना, म्हणजे आमचे कर सल्लागार इनामदारकाका, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सूनबाईच्या नावावर घे की. सगळेच घेत्यात." सगळे घेतात म्हटल्यावर आपण का मागं राहायचं? अण्णा टीडीएस कापून तिच्या खात्यावर भरायचे, खात्याचं एटीएम कार्ड माझ्याकडे. तिचं रिटर्न मीच भरायचो. धंदा: डिझायनिंग. ती सही करायची. रिफंड तेवढा तिचा. त्यातून दरवर्षी एक साडी आणि तिच्या आईला चप्पल.
पाच वर्षं असं चाललं. वाचून बघितलं, चोरीचा जबाब वाटतो.

२३ जून, सोमवार
वकिलांकडे गेलतो. माझा कागद बाजूला ठेवला, तिची रिटर्नं चाळली आणि खुलले.
"पावणं, हे आधी का न्हाय दाखवलं? बाई कमवती हाय की! पोटगीचा प्रश्नच मिटला."
मी म्हटलं, ते खरं नाही.
"सरकारला तुमीच सांगितलंय खरं म्हणून."
ती सध्या हुपरीत कुणाच्या तरी घरी घुंगरू जोडायला बसते, डझनावर मजुरी. आणि माझ्या हातानं टाइप केलेल्या पानांवर ती पाच वर्षांची डिझायनर.
घरी येऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण हुंदके देऊन रडलो.

२६ जून, गुरुवार
इ.काका. आधी म्हणाले, "मी कुठं लिहून दिलंय तुला?" मग चष्मा काढून बसले.
खरं करायचं तर कंत्राटाचं उत्पन्न माझ्या पगारात मिळवून यंदाचं रिटर्न भरायचं. मागची सुधारून भरायची, कर, व्याज, वर जादा कर. कोर्टात कागद गेला की कंपनीपर्यंत जाणारच.
"आणि न्हाय केलं तर?"
"तर तुझं वाचतंय, तिचं जातंय."

३० जून, सोमवार
ठरलं. सगळं माझ्या नावावर घ्यायचं, नोकरी गेली तर गेली. इ.काकांनी कच्चं रिटर्न काढून दिलं. दिवसभर स्वतःचं कौतुक वाटत होतं. मिसळीला दोन पाव जास्त खाल्ले. कधी एकदा वै.ला दाखवतो असं झालं.

७ जुलै, सोमवार
हुपरीला जाऊन आलो. सासूबाईंनी पाणी दिलं, माझ्याकडे न बघता. वै. वाळलीय. बोटांना चांदीचा काळेपणा.
कागद दिला. तिनं सगळा वाचला, आकड्यांसकट.
"म्हंजे पाच वर्षं मी कायच केलो न्हाय?"
मी म्हटलं, अगं, तुझ्या भल्यासाठीच. तुला पोटगी मिळेल.
"पैंजणाची कडी कुठं वळवायची, साडीच्या काठात अडकाय नगं म्हणून, कोण सांगत हुतं? आधी सगळं माझ्या नावावर घातलासा, मला न इचारता. आता माझं हुतं तेबी काढून घ्यायलाय. तेबी न इचारता."
"मग पोटगी नको?"
"पायजे की! पैसा तुमीच खर्चलासा. आणि कामबी माझं म्हणून लिवा. दोन्ही खरं हाय."
सासूबाई आतून म्हणाल्या, "जेवून जावा म्हण त्यास्नी." वै.नं कागद माझ्या हातात परत दिला. निघालो.

८ जुलै, मंगळवार
कामात लक्ष नाही.
पहिलं पैंजण मी काढलं ते फौंड्रीतल्या भागासारखं, मापाला चोख. वै. हसून हसून बसली. तारेचं तसंच एक करून पायात घातलं आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत चालून दाखवलं. तिसऱ्या पावलाला साडीचा काठ अडकला. "बघा. घालणाऱ्याला इचारायचं असतंय." तेव्हापासून प्रत्येक डिझाइन आधी तिच्या पायात. ती चालायची, मी खडूनं खुणा करायचो. अण्णा म्हणायचे, तुझा माल कधी परत येत नाही, आणि मी मान डोलावून घ्यायचो.
फौंड्रीत चाचणीला माणूस आहे. त्याला पगार आहे, हजेरीला नाव आहे. मी घरी तिला म्हणायचो, जरा चालून दाखव गं, भाकरी नंतर कर.
इतका गाढव मी. आणि तिच्यावाचून घर खायला उठतं.

१० जुलै, गुरुवार
इ.काकांना सांगितलं. डोक्याला हात लावला त्यांनी. "उत्पन्न दोघांत वाटून दाखवता येतंय. पण अण्णांकडनं लिहून आण, कोण काय करत हुतं." वकिलांना फोन. ते चिडले. "कमवती का बिनकमवती, एक कायतर सांगा. कोर्टात असलं मधलं काय सांगाय जाऊ नका."
अण्णांना विचारलं. म्हणाले, "लिहून देतो. पोरीच्या पायात बसलेलं म्हणूनच तुझं डिझाइन घेत हुतो आमी, तुला काय वाटलं?"
म्हणजे सगळ्या हुपरीला माहीत होतं.

१७ जुलै, गुरुवार
साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मीच सांगितलं. बाहेरचं काम केलं, पाच वर्षं. ते म्हणाले, "आता कशाला सांगालायस?" मग लिहून दे, वर पाठवतो म्हणाले.

२१ जुलै, सोमवार
उद्या तारीख. जबाब वकिलांना न विचारता स्वतः लिहिला. पैसे मी घेतले, मी खर्च केले, तिच्या हातात काही दिलं नाही. काम दोघांचं होतं.
हे शेवटचं वाक्य लिहिताना बरं वाटलं. दोघांचं. फोटो काढून वै.ला पाठवला. तिनं लगेच वाचला. टाइप करत होती, थांबत होती. मला वाटलं, कदाचित.
मग आलं:
"दोघांचं नगं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. वेगळं वेगळं लिवा."
'दोघांचं' खोडलं आहे. पुढचं अजून लिहून होत नाही.