जिनिंगच्या भिंतीवरची पिठोरी

८ ऑगस्ट १९४३, मानवत

शाळेत शिकवून येताना आज पुन्हा तो शिपाई आडवा आला! जिनिंगच्या भिंतीवर रंगवलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तांबडे गाल, छातीवर बिल्ले, खाली उर्दूत ‘फौज में भरती हो जाओ’. बाजाराच्या वाटेवर त्याला चुकवताच येत नाही.

कस्तुराबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. जिनिंगमध्ये कापूस निवडते. तिचा थोरला भुजंग गेल्या साली याच चित्राखाली अंगठा देऊन लढाईवर गेला. आता मॅनेजर दिनकररावांना धाकटा बन्सीही हवा आहे. वरून नावं मागितलीत म्हणे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होईल तेव्हा कुणाला कामावर घ्यायचं, ते पोळ्याच्या सुमाराला ठरतं. बन्सी दिला नाही तर कस्तुराबाईला काम नाही – आणि तिच्यासोबत निवडायला बसणाऱ्या बायांनाही नाही!

“एक दिला की, बाई. आता दुसऱ्याला बी न्यायलेत.” एवढंच बोलली. रडली नाही.

मी या घरातली पहिली बी.ए. एवढं शिकून मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले.

१० ऑगस्ट

दादाला सगळं सांगितलं. तो दुकानात खण मोजत होता. म्हटलं, हैदराबादेत कामगारांनी रंगवलेली एक भिंत पाहिली होती – दोन मुठी आणि मोडलेली बंदूक. तसंच चित्र इथे काढायचं, त्या शिपायाच्या शेजारी!

“तुझं डोकं हैदराबादेतच राहिलं का गं, नंदा?” म्हणाला. खण मोजून झाला, गिऱ्हाईक गेलं. मग हळूच – “गेरू किती लागंल?”

असा भाऊ कुणाला मिळतो? आप्पांना एकाचंच शिक्षण झेपणार होतं. दादा शाळा सोडून दुकानावर बसला, मी हैदराबादेला गेले. आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही त्याने. लोक आप्पांचं नाव घेऊन म्हणतात, अण्णारावांची पोरगी शिकली. दादाने, मल्लिकार्जुनाने शिकवली, असं कुणीच म्हणत नाही. निदान इथे तरी लिहून ठेवते.

१४ ऑगस्ट

बायांना कागदावर चित्र दाखवलं. सगळ्या वाकून बघायला लागल्या. मग त्यांतली बायनाबाई म्हणाली, “ह्या मुठी कुणाच्या? लय गुबगुबीत हायत. काम केल्यावानी न्हाई दिसत, जेवून उठल्यावानी दिसायल्यात.” हसून हसून पुरेवाट! मीही हसले. खरंच तशाच होत्या.

कस्तुराबाई मात्र चित्राकडे बघतच राहिली. म्हणाली, “बंदूक मोडली ते बेस केलंस. पर सभेचं चित्र म्हणून पोलीस येतेत. पूजेला कोण अडवतंय?”

पोळ्याच्या अवसेला पिठोरी असते. आमच्यात, लिंगायतांत, नसते. त्यामुळे मला नुसतं ऐकून माहीत. पोरं जगावीत म्हणून आया भिंतीवर पिठोरी देवी काढतात, हळदीकुंकू वाहतात. खिरीचं ताट खांद्यावरून मागे धरतात आणि मागे न बघता विचारतात, “अतीत कोण?” अतीत म्हणजे पाहुणा. मागे उभा असलेला पोरगा म्हणतो, “मी!” आणि ताट घेतो.

मी म्हटलं, मग लढाईवर गेलेल्या पोरांची चित्रं पिठोरीभोवती काढू या. सगळ्यांची. हातात बंदूक नको, घरी जे करायचे तेच काम. बायनाबाई लगेच, “माझा काईच करत न्हवता. त्याला निजलेला काढा!”

२१ ऑगस्ट

दादाने पाथरीहून टोपलंभर गेरू आणला. आप्पांना सांगितलं, दुकानाच्या ओट्याला लावायचाय!

२७ ऑगस्ट

एवढ्या मोठ्या आकृत्या मला जमेनात. शेवटी दादाला परसातल्या भिंतीशी उभा केला आणि कोळशाने त्याच्याभोवती रेघ मारली. “हालू नको!” “नाक तर नीट काढ. स्थळं यायलेत मला.” नाक बिघडलंच.

आई बाहेर येऊन ओरडली – चांगली सारवलेली भिंत नासली, पुसून टाक आधी! उद्या पुसते म्हटलं.

३० ऑगस्ट, पोळा

हात धुतले तरी नखांत गेरू आहे. राहू दे.

सकाळीच बाया जिनिंगच्या भिंतीपाशी आल्या. गेरू, चुना, काजळी. मधे पिठोरी कस्तुराबाईने काढली. भोवती पोरं – एक बैल धुतोय, एक भाकरी खातोय, बायनाबाईचा खरंच निजलाय! भुजंग कापसाचं ओझं घेऊन, मागे वळून बघणारा. शेजारचा शिपाई आम्ही पुसला नाही. एवढ्या पोरांत तो एकटाच बंदूकवाला – कसा ओशाळा दिसायला लागला!

दुपारी बैल निघाले ते भिंतीपाशीच थांबले. सगळा गाव थांबला. कस्तुराबाईने भुजंगचं ताट खांद्यावर घेतलं.

“अतीत कोण?”

बन्सी मागेच उभा होता. पण तिने आधीच बजावलं होतं, भुजंगच्या ताटाला तू बोलायचं नाहीस. पुन्हा विचारलं, “अतीत कोण?” बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नाही. तिने ते ताट भुजंगच्या चित्रापाशी ठेवलं. मग दुसरं घेतलं आणि विचारलं. “मी बन्सी हाय, आई.” त्याने ताट घेतलं.

दिनकरराव चुन्याची बादली आणि रंगारी घेऊन आले. रंगाऱ्याने कुंकू पाहिलं, बादली खाली ठेवली. “साहेब, पिठोरी म्या न्हाई पुसत.” मग बायनाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, “आमी कामाला येऊ तर समद्या येऊ. न्हाई तर एक बी न्हाई. अन् बन्सी काई जायचा न्हाई!” दिनकरराव म्हणाले, “मला वर नाव द्यायचंय, बाई. मी कुठून आणू?” आणि वळले.

दादा शिडी धरून सगळं ऐकत होता. शिडी माझ्या हाती देऊन तो त्यांच्यामागे गेला. समजूत घालायला असेल. त्याला सगळ्यांशी बोलता येतं.

१ सप्टेंबर

जिंकलो! बन्सीचं नाव काढलं, सगळ्या बायांना काम कबूल! कस्तुराबाईने माझ्या तोंडात गूळ घातला. “तुमच्या भिंतीनं राखला गं पोरगा.” माझी कुठली! भिंत सगळ्यांची. आज सगळ्यांचेच उपकार वाटताहेत – बैलांचे, त्या रंगाऱ्याचे, अगदी दिनकररावांचेसुद्धा. माणूस ऐकतो, त्याला दाखवावं मात्र लागतं.

दादाला सांगितलं तर नुसता हसला. “जिंकलीस की!” आणि स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, “शाळेत लागंल तुला.” उद्या माल आणायला परभणीला जायचंय त्याला.

५ सप्टेंबर

दादाला शोधायला गेलेले आप्पा परभणीहून एकटेच परत आले. पोळ्याच्या संध्याकाळीच बन्सीच्या जागी दादाने स्वतःचं नाव दिलं होतं. भरतीवाल्यांची गाडी कालच गेली.

परसातली ती दादाची रेघ मी पुसायची विसरले होते. आईने तिला कुंकू लावलं. आमच्यात पिठोरी नसते. तरी ताट खांद्यावर घेऊन तिने विचारलं, “अतीत कोण?”

मागे मी उभी होते. बोलले नाही. ते ताट दादाचं आहे.