सुटसुटीत नकाशा

४ जून
संकल्प : आजपासून मी डिझायनर. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा नकाशा प्रत्येक मजल्यावर लावायचा आहे. साहेब बाहेरचा माणूस बघत होते. मी म्हटलं, मी असताना बाहेरचा कशाला. आवक-जावकमध्ये एकोणीस वर्षं काढली म्हणून आतला कलावंत मेलेला नाही. सॉफ्टवेअर मेहुण्यानं दिलं. तो छापखान्यात हेच काम करतो. शिकवतो म्हणाला. नको म्हटलं, व्हिडिओ आहेत.

७ जून, दुपार
चार तासांत एक चौकोन. चौकोन उत्तम आहे.

११ जून
'युनाइट' शिकलो. दोन आकार निवडायचे, बटण दाबायचं, मधली रेघ गायब. आमच्या चौथ्या मजल्यावर कॉरिडॉरला लागून रेकॉर्ड रूम आहे, मध्ये भिंत. रेघांची फार गर्दी होत होती. दोन्ही जोडून टाकले. किती ऐसपैस वाटतं आता.

बायकोनं विचारलं, इथली भिंत कुठं गेली? ती ऑफिसात एकदाच आली आहे. तिला काय कळणार.

१६ जून
फ्रेम आल्या. नकाशा फ्रेमपेक्षा रुंद निघाला. डावीकडचा मागचा जिना बाहेर येतोय. उपाय : क्लिपिंग मास्क. वर एक चौकोन ठेवला की चौकोनाबाहेरचं सगळं दिसेनासं होतं. मेहुण्याला फोन केला, कौतुकाच्या अपेक्षेनं. तो म्हणाला, मास्कनं काय झाकलं गेलं ते छापायच्या आधी नीट बघून घे. व्यावसायिक लोक नवख्याला असेच घाबरवतात. मागच्या जिन्यानं जातं कोण? मी लिफ्टनं जातो.

जिन्याकडे जाणारा बाण मात्र अर्धवट दिसत होता. वळवून रेकॉर्ड रूममध्ये नेला. तिथं जागा आहे.

२० जून
फ्रेम लागल्या. साहेब म्हणाले, सुटसुटीत. वायरमन बराच वेळ समोर उभा होता. मग टेबलाशी येऊन म्हणाला, मागचा जिना राहिला. मी म्हटलं, राहिला नाही, मास्कखाली आहे. त्यानं परत फ्रेमकडे पाहिलं. मीटर रूममधून जळकट वास येतोय, तेवढं साहेबांच्या कानावर घाला, म्हणाला.
संकल्प : सोमवारी सांगणे.

२३ जून, सोमवार
साहेब रजेवर. वास मलाही आला. नव्या फ्रेमचा असावा.

२६ जून
लिफ्ट दोनदा अडकली. टायपिस्ट मावशी नाकाला रुमाल लावून बसतात. चार महिन्यांनी रिटायर होणार. धूर झाला तर कुठून जायचं, विचारत होत्या. त्यांना नकाशासमोर नेलं, बोट ठेवून बाण समजावला. त्यांनी दोनदा म्हणून पाठ केला. कामाचं चीज झालं.

२ जुलै
अकराच्या सुमाराला मीटर रूम पेटली. ती पुढच्या जिन्याला लागूनच. कॉरिडॉर काळा झाला. मावशी अगदी शांत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका, मला रस्ता पाठ आहे." आठ जण त्यांच्या मागे गेले.

वायरमननं माझी कॉलर धरली आणि मागच्या जिन्यानं खाली आणलं. जिना चांगला रुंद आहे.

खाली माणसं मोजली. नऊ कमी. वायरमननं मला विचारलं, कुठं गेले? मी सांगितलं. तो तोंडाला ओला टॉवेल बांधून परत वर गेला. मग अग्निशमनवाले. आठ जण चालत आले. मावशींना खांद्यावरून आणलं. रेकॉर्ड रूमच्या भिंतीशी सापडल्या म्हणे.

४ जुलै
हॉस्पिटल. मावशी शुद्धीवर आहेत, आवाज गेला आहे. लेकीनं आत या म्हटलं. मला काम होतं.
नकाशा वाचताना मावशींचीच काहीतरी गफलत
(वरची ओळ खोडणे.)

७ जुलै
चौकशी अधिकारी सभ्य आहेत. मी लॅपटॉप उघडून मास्क काढून दाखवला. मूळ फाइलमध्ये जिना आहे, सगळ्या पायऱ्यांसकट. त्यांनी बघितलं, लॅपटॉप हळूच मिटला. एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढं केली. म्हणाले, "आता नुसतं आठवून काढा. तुम्ही बसता तिथून सुरुवात करा."

मी माझं टेबल काढलं. खुर्ची काढली. शेजारी मावशींचं टेबल काढलं. मग पेन्सिल थांबली. दार कुठल्या बाजूला आहे, आठवेना.

अधिकारी खुर्चीत मागे टेकले. त्यांना घाई नव्हती.