शेवटच्या गाडीतली जागा

५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरू लागली आहे. म्हणजे रस्ता बंद व्हायला फार दिवस नाहीत. दरवर्षीसारखी माझी हिवाळ्याची मागणी खाली तुमच्याकडच्या दुकानात तूच नोंदव: पीठ, डाळ, तेल, मीठ, रॉकेल. काड्यापेट्या विसरू नकोस. मागे विसरलास, तेव्हा चूल विझू नये म्हणून बर्फ वितळेपर्यंत मी तिच्यासमोर पहारा देत बसले होते.

लाकडं शेजारच्या सुताराने फोडून दिली. गेल्या वर्षी मी अंगणात पडले, ते डोक्यात घेऊन बसू नकोस. गुडघा बरा आहे. तुझ्या बायकोला सांग, तुला जरा कमी वाढत जा. फोटोत तुझ्या शर्टाचं बटण जीव मुठीत धरून बसलंय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बटणावरून घरात माझी यथेच्छ थट्टा चालू आहे. सामानाची काळजी तू करूच नकोस, ते माझ्यावर सोड. शेवटची गाडी महिनाअखेरीस निघेल. ड्रायव्हरशी बोललो आहे. माणूस भला आहे, त्याचं ऐक.

आम्ही मागची खोली रंगवली. ऊन छान येतं तिथे.

माया असू दे.
तुझा धाकटा

१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आज गाडी आली. सुताराची पोती उतरली, मास्तरांची उतरली. मी कोठी झाडून दारात उभी. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, की तुमचं काही नाही. भावाने मागणी नोंदवलीच नाही, पण केबिनमध्ये तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितलंय. सुताराच्या बायकोदेखत म्हणाला.

कोठी रिकामी ठेवून मला खाली ओढायचं ठरवलंस? दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला मी कडेवर वाढवलं रे. तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही, हेच फार जिव्हारी लागलं.

सुताराने पीठ-डाळ दिली, मास्तरांनी रॉकेल ओतून दिलं. जन्मात कुणापुढे भांडं धरलं नव्हतं, ते आज धरलं. आता माझ्यापायी दोन घरं हिवाळाभर हात आखडून जेवतील. तुझ्या त्या जागेवर हे पत्र तेवढं बसून येतंय.

गुडघा बरा नाही, हे मी तुझ्यापासून लपवलं. रंगवलेल्या खोलीचं वाचून वाटलं, तू बोलावतोयस. हा हिवाळा काढून कायमची तुझ्याकडे येते, असं पत्र याच गाडीबरोबर द्यायला लिहून ठेवलं होतं. ते आत्ता चुलीत घातलं आणि हे लिहायला बसले.

ताई