आमच्या भागाचं एक मत

प्रिय ड्वेन,

मी तुझी आजी, तुझ्या आईची आई. ओमाहाला राहते. ओळख दिलेली बरी, कारण आमदार होऊन राजधानीत, लिंकनला जाऊन बसल्यापासून ओमाहा याच राज्यात आहे, हेही तू विसरलेला दिसतोस. पत्र शेजारची ऑरेलिया लिहून घेते आहे. "आजी, एवढं कडक लिहू?" असं तिचं मघाशीच विचारून झालं. म्हटलं, लिही गं, त्याच्याशी गोड बोलणारे तिकडे पुष्कळ आहेत.

आजोबांना जाऊन वर्ष झालं तेव्हाचं जेवण आठवतं? कोलाचे, आपले ते सारण भरलेले गोड पाव, तू आणणार होतास. घरभर विचारत फिरलास, चेरीवाले जास्त निघाले, म्हणून सगळ्या पेट्या चेरीच्या आणल्यास. ज्याच्या नावाने जेवण, तो माणूस जन्मभर खसखशीचे कोलाचे खात आला, आणि टेबलावर खसखशीचा एक नाही! मी नुसती कॉफी पिऊन उठले. तू मात्र छाती काढून म्हणालास, "बहुमताने ठरलं, आजी." मला वाटलं, पोरगं घाईत होतं.

काल रेडिओवर तुझं भाषण ऐकलं आणि कळलं, घाई नव्हती, स्वभावच आहे. राष्ट्राध्यक्ष निवडताना आपल्या राज्याची पाच मतं. दोन राज्यभर जिंकेल त्याला, उरलेली तीन मतं राज्याच्या तीन भागांना एकेक. त्यातलं आमचं एक कधी इकडे पडतं, कधी तिकडे, पण पडतं ते आमच्या मर्जीने. आता तुमचं विधेयक म्हणतं, राज्यात जो पुढे, त्यालाच पाचही. मला अक्षरं येत नाहीत, पण पाचापर्यंत मोजता येतं, राजा.

आणि फोनवर मलाच शहाणपण शिकवतोस, "एका मताने काय होतंय, आजी?" अरे, काहीच होत नसेल तर हिसकावता कशाला? बाकीची राज्यं असंच करतात म्हणे. शेजारच्याने गच्चीवरून उडी मारली तर तूही मारणार का, हे तुला लहानपणी शंभरदा विचारलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसवलं ते. मला वाचता येत नाही, म्हणून दर निवडणुकीला मतपत्रिका वाचून दाखवायला तू सोबत यायचास. मी म्हणेन त्या नावापुढे खूण करायचास. तू खरंच तिथेच केलीस का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. काल रात्री पहिल्यांदा वाटलं. गुरुवारी विधानसभेत हात कुठे वर करायचा ते तुझं तू बघ. पण नोव्हेंबरात मतदानाला माझ्यासोबत येऊ नकोस. या वेळी ऑरेलिया येणार आहे.

अजून तरी तुझीच,
आजी

ता.क. गुरुवारी तिकडे काहीही कर, कोलाचे मात्र पाठव. चेरीचे हवे तेवढे घाल, पण माझे खसखशीचे त्यात असू देत, वेगळ्या कागदात बांधून. नुसते चेरीचे आले तर पेटी उघडणारसुद्धा नाही.